‘बूस्टर लावा, आवाज साफ येईल’ असं सांगून मला फसवलं

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात आईची खोली सगळ्यात आत. ती आता पडूनच असते, उशाशी खिशात मावेल एवढा रेडिओ. नाना गेले, पण त्यांच्या कीर्तनाच्या कॅसेट आहेत. बाहेरच्या खोलीत कॅसेट लावली की आईला तिच्या रेडिओवर ऐकू यावी, एवढ्यासाठी मी एफएम ट्रान्समीटर बांधायला घेतला. एका ट्रान्झिस्टरचा, दोन खोल्यांपुरता. महाराणी रोडवरच्या एका दुकानातून पॉवर सप्लायसकट (घरातल्या विजेवर सर्किट चालवणारा भाग) सगळं सामान ६५० रुपयांत घेतलं. दुकानदार मराठी निघाला. "काका, आपल्या माणसाला वाईट माल देईन का?" म्हणाला आणि मी निर्धास्त झालो.

आवाज पहिल्याच दिवशी आला, पण कीर्तनाखाली सारखी घुंऽऽ. आईने विचारलं, "मागे गिरणी चालू आहे का रे?"

दुकानदार म्हणाला, ट्रान्झिस्टर उडाला असेल. दोन नवे, १८० रुपये. घुं तशीच. मग म्हणाला, ऑडिओ बोर्ड शील्डवाला हवा, ४५०. तरी तीच घुं. सर्किट घेऊन येतो, तुमच्यासमोर लावून बघू, असं मी दोनदा म्हणालो. दोन्ही वेळा त्याला गिऱ्हाइकांची घाई होती. तिसऱ्या खेपेला त्याने निदान केलं, "सिग्नल कमजोर आहे. बूस्टर लावा, आवाज साफ येईल." २,४०० रुपये रोख, बिल नाही.

हे साफ खोटं होतं. सिग्नल कमजोर असला तर रेडिओवर वाळू सांडल्यासारखी सर्र येते. आवाज फाटत असेल तर बहुधा कॅसेट डेकचा आवाज जास्त सोडलेला असतो, तो कमी करायचा. घुं सर्किटमध्येच शिरली असेल तर बूस्टर तीच घुं चार गल्ल्या पलीकडे पोचवतो. शिवाय तसं विनापरवाना प्रसारण म्हणजे गुन्हा, हे त्याने अवाक्षरानेही सांगितलं नाही.

बूस्टर जोडायच्या आधी भाचा आला. म्हणाला, "मामा, सप्लाय काढ, नऊ व्होल्टची बॅटरी लाव." लावली. घुं एकदम बंद. अभंग उचलण्याआधी नाना खाकरले तेसुद्धा ऐकू आलं. आई उठून बसायला बघत होती.

म्हणजे दोष सप्लायमध्ये. घरातली वीज ५० सायकलची, म्हणजे सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारी. तिला एकाच दिशेने वळवणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरमधून ती सेकंदाला १०० उंचवट्यांसारखी बाहेर पडते. मधले खळगे वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरने भरायचे असतात. तो छोटा पडला की व्होल्ट एकसारखे ठेवणाऱ्या रेग्युलेटरला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत आणि ते १०० चे हेलकावे थेट आवाजात उतरतात. माझ्या कपॅसिटरवर २,२०० मायक्रोफॅरड (साठवणीचं माप) छापलेलं होतं. भाच्याने कॉलेजच्या लॅबमधल्या मीटरवर लावला, तर २१० भरला. हातातही तो फोल शेंगेसारखा हलका लागत होता. करवतीने डबी कापली. आत करंगळीच्या पेराएवढा दुसराच कपॅसिटर, त्याच्या तारा मोठ्याच्या पायांना जोडलेल्या, बाकी पोकळी!

तो तुकडा घेऊन दुकानात गेलो. "कापलेला माल परत होत नाही," एवढं बोलून त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं. एकूण ३,६८० रुपये गेले. त्यातले ६५० यूपीआयने दिले होते, तेवढाच पुरावा हाती आहे. तो जोडून ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे.

तुमच्या सर्किटात घुं आली तर आधी बॅटरीवर चालवून बघा, तोवर काहीही विकत घेऊ नका. कपॅसिटर घेताना मीटरवर मोजून मागा. दुसऱ्या एका दुकानदाराने मी न सांगता मोजून दिला, २,१५० भरला. काल रात्री आईने नानांचं अख्खं कीर्तन ऐकलं. बूस्टर अजून पुड्यातच आहे, तो मी जोडणार नाही.