साडेतीन लाखाचा म्युझिक सर्व्हर, वर्षभर वापरून

म्युझिक सर्व्हर म्हणजे सगळी गाणी साठवून ती वाजवणारा डबा. मागच्या दसऱ्याला घेतला होता, आता पुन्हा दसरा येऊन राहिला, म्हणून म्हटलं सविस्तर लिहूनच टाकतो. घ्यायच्या आधी मी स्वतः लय शोधलं होतं पण जिथं तिथं शहरातल्या फ्लॅटमधले अनुभव, एसीची खोली, चोवीस तास लाईन. आमचं गाव आर्वी तालुक्यात, वरच्या खोलीवर टिनाचं छप्पर, मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि लाईन केव्हा जाईल याचा नेम नाही. अशा ठिकाणी एवढा महागडा डबा कसा चालतो हे कोणी लिहिलेलंच नव्हतं.

पैसे समृद्धी महामार्गाचे. आमचं दीड एकर त्यात गेलं, मोबदला एफडीत ठेवला होता, त्यातली एक एफडी बाबांना विचारून मोडली. बाबांकडे ६१२ सीडी आहेत आणि ४१ कॅसेट. त्यांचे डोळे आता कमी झाले, सीडीच्या कव्हरवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून सगळं गाणं एका ठिकाणी यावं आणि त्यांना एका बटणात लागावं एवढीच इच्छा होती. सर्व्हर ३,४८,००० ला पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मला या सगळ्या महागड्या सर्व्हरबद्दलच बोलायचं आहे. डीएसी (फाईलमधल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा) २२ हजारांचा आणि स्पीकर ६० हजारांचे, दोन्ही आधीचेच.

पहिले दोन महिने मी खूश होतो. सीडी आत सरकवली की आपोआप उतरते, वेगळा कॉम्प्युटर लागत नाही. सीडीचा आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झ, तासाभराचं गाणं सहाशे-साडेसहाशे एमबी होतं, फ्लॅक या फाईलच्या प्रकारात ते दाबून साधारण अर्ध्यावर येतं आणि तरी एक बिटही कमी होत नाही. बाबांच्या सगळ्या सीडी २०० जीबीच्या आसपास बसल्या. म्हणजे एक टीबीची डिस्कसुद्धा आपल्याला लय झाली, हे घ्यायच्या आधी गणित करून पाहायला पाहिजे होतं.

नावांचा मात्र पार घोळ. आपल्या शास्त्रीय गाण्यात राग, ताल, बंदिश, साथीला कोण हे सगळं लागतं आणि सर्व्हर इंटरनेटवरून नाव आणतो ते अल्बम आणि आर्टिस्ट एवढंच, तेही इंग्रजीत तीन-तीन स्पेलिंगनं. वसंतराव देशपांडे आपल्या मूर्तिजापूरचे, १९२० चा जन्म, बाबांचे सगळ्यात लाडके, त्यांच्या सीडी तीन वेगवेगळ्या गवयांच्या म्हणून तीन ठिकाणी जाऊन बसल्या. अख्खा हिवाळा मी रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉपवर बसून एकेका सीडीचे टॅग (फाईलमध्ये लिहायची राग, गायक वगैरे माहिती) देवनागरीत भरले. बाबा बाजूला बसून सांगायचे, "हा मारवा आहे, पुरिया नको लिहू." हे काम साडेतीन लाखाच्या मशीननं केलं नाही, फुकटच्या टॅगिंग सॉफ्टवेअरनं आणि बाबांच्या कानानं झालं.

आता लाईनचं सांगतो, कारण खेड्यात राहणाऱ्यांसाठी हीच खरी गोष्ट आहे. या सर्व्हरची मोठी जाहिरात म्हणजे लिनिअर पॉवर सप्लाय, आत जड गोल ट्रान्सफॉर्मर. आमचा इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हवाला, म्हणजे लाईनसारखी गुळगुळीत लाट न देता चौकोनी ठोके देणारा. लाईन गेली की इन्व्हर्टरवर तो ट्रान्सफॉर्मर असा गुणगुणायचा की स्पीकर बंद असले तरी पलंगावर ऐकू येई. साध्या अडॅप्टरवर चालणाऱ्या वस्तूंना काही झालं नाही, याच शाही सप्लायला त्रास. शेवटी प्युअर साईन वेव्हचा, म्हणजे लाईनसारखीच लाट देणारा इन्व्हर्टर घेतला तेव्हा तो आवाज गेला. म्हणजे सर्व्हरच्या वर हा आणखी खर्च.

त्यानंतर मार्चमध्ये स्पीकरमधून बारीक घुंऽऽ सुरू झाली. मला वाटलं डीएसी गेला. गावातल्या वायरमननं मीटर लावलं तर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये १८ व्होल्ट. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थ असून नसल्यासारखी होते. त्यानं खड्ड्यात मीठ-कोळसा टाकला, दोन बादल्या पाणी ओतलं, आणि डीएसी, अ‍ॅम्प्लिफायर, सर्व्हर हे वेगवेगळ्या बोर्डांवर होते ते एकाच बोर्डावर घेतले. घुं गेली, व्होल्टेज ३ वर आलं. वायरमनला ७०० रुपये दिले. आता दर चार दिवसांनी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाकतो, जसं तुळशीला टाकतो तसं. साडेतीन लाखाच्या डब्यानं जो "स्वच्छ आवाज" द्यायचा होता त्यातला अर्धा त्या मीठ-कोळशानं दिला, हे मी मनापासून सांगतो.

उन्हाळ्यात सर्व्हरला पंखा नसल्यानं त्याची बॉडीच उष्णता बाहेर टाकते, मे मध्ये हात ठेववत नव्हता, पण बंद पडला नाही, हे त्याचं श्रेय. तसंही मार्च ते जून आमच्याकडे कूलर चालू असतो आणि कूलरच्या आवाजात तानपुऱ्याचा बारीक फरक कोण ऐकणार? खरं ऐकणं आमच्याकडे दिवाळीनंतर होळीपर्यंत.

जूनमध्ये पहिल्या पावसात रात्री वीज कडाडली आणि राऊटरसकट सर्व्हरचा लॅन पोर्ट (नेटवर्कची वायर लावायची जागा) गेला. वॉरंटीत वीज धरत नाहीत. कुरिअरनं मुंबईला पाठवला, सात आठवडे लागले, ३१,५०० रुपये बिल. फोन केला की "पार्ट येऊन राहिलेत" हेच उत्तर. बाबांचा चेहरा उतरला होता, त्यांना रोज संध्याकाळी साडेसातला गाणं लागतं. तेव्हा पुतण्यानं, तो नागपूरला शिकतो, त्याच्याकडचा रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर (पुढे नुसता 'पाय' म्हणतो) आणून दिला. तळहाताएवढा बोर्ड, त्यात लिरियन म्युझिक सर्व्हर हे सॉफ्टवेअर टाकलं. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याचा इतिहास महत्त्वाचा आहे. स्लिम डिव्हायसेस नावाच्या कंपनीचं ते होतं, २००६ मध्ये लॉजिटेकनं ती कंपनी घेतली, २०१२ मध्ये त्यांनी स्क्वीजबॉक्स हे प्लेअर बनवणं थांबवलं, पण सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना उघडा असल्यानं वापरणाऱ्यांनीच ते जिवंत ठेवलं आणि २०२४ पासून लिरियन नावानं चालू आहे. डबा बनवणारा थांबला तरी गाणं थांबलं नाही. माझ्या महागड्या सर्व्हरचं अ‍ॅप उद्या बंद झालं तर माझ्या हातात काय उरेल हा विचार मला तेव्हाच आला.

पायवर मी सर्व्हरच्या बॅकअपवरून तेच फ्लॅक टाकले आणि तोच डीएसी लावला. डिस्क, केस, अडॅप्टर धरून खर्च १४ हजार. पहिल्या रात्री बाबांनी अर्धा तास ऐकलं आणि म्हणाले, "सर्व्हर दुरुस्त होऊन आला वाटते?" मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "मले तं काही फरक वाटून नाही राहिला, लेका."

माझं समाधान होईना. सर्व्हर परत आल्यावर नीट परीक्षा घेतली. दोन्ही मशीन चादरीमागे, व्हॉल्यूम दोन्हीकडे फुल ठेवून अ‍ॅम्प्लिफायरचं बटण एकाच जागी, पुतण्या केबल बदलणार आणि वहीत लिहिणार, मी पाठमोरा बसून सांगणार. वीस वेळा. माझे ११ बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते. बायकोनंही आठ वेळा करून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, मला दोन्ही सारखंच वाटते, आता स्वयंपाकाला जाऊ द्या." असं का होतं हेही पुतण्यानं समजावलं. आजचे चांगले यूएसबी डीएसी वेळेचं घड्याळ स्वतःचं वापरतात, डेटा आधी साठवतात आणि आपल्या ठोक्यानं वाजवतात, म्हणून पाठवणाऱ्याच्या घड्याळाला फारसा अर्थ उरत नाही. यूएसबीत डेटा बिघडलाच तर टक् असा आवाज येतो नाहीतर गाणं तुटतं, गायकाचा गळा "मखमली" किंवा "कोरडा" होत नाही.

पायचीही खोड सांगतो. लाईन अचानक गेली की त्याचं मेमरी कार्ड बिघडतं, माझी दोन गेली. राऊटरसाठी मिळतो तसला छोटा यूपीएस लावल्यापासून तक्रार नाही. महागडा सर्व्हर मात्र कितीदा लाईन गेली तरी पुन्हा उठून उभा राहिला, आणि बाबांना त्याच्या पुढचं मोठं गोल बटण लय आवडायचं. पायला मी दोनशे रुपयांचं फिरतं बटण लावून दिलं, फिरवलं की आवाज, दाबलं की सुरू. सवय व्हायला आठ दिवस लागले.

आवाज खरोखर कशानं बदलला ते सांगू? टिनाच्या छपराखाली आवाज घुमतो, तबला सगळा एकमेकांत मिसळायचा. घरच्या कापसाच्या दोन जुन्या गाद्या पिंजून घेतल्या, खादीचं कापड लावलं आणि सोफ्याच्या मागच्या भिंतीला उभ्या टांगल्या. १,८०० रुपये. त्या संध्याकाळी गाणं लागलं तशी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "आता तबला वेगळा ऐकू येते." तिला कोणी विचारलंही नव्हतं.

आणि कॅसेट. ४१ पैकी २३ झाल्या. हे सगळ्यात हळू काम, एका तासाच्या कॅसेटला तासच लागतो, मध्ये हेड स्पिरिटनं पुसायचं, एखादी टेप चिकटली असेल तर पेन्सिलनं हळूहळू फिरवायची. यात आमच्या गावच्या भजनी मंडळाची खंजिरी भजनं आहेत, १९९० च्या आसपास देवळात टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली. ती कुठल्याच कंपनीकडे नाहीत, कुठल्या अ‍ॅपवरही नाहीत. एका कॅसेटवर भजन सुरू व्हायच्या आधी कोणीतरी खोकतो आणि म्हणतो, "पेटी जरा खाली घे बाप्पा, माझा आवाज पोचत नाही." बाबा खुर्चीतून उठूनच उभे राहिले. ते माझे मोठे काका, २००४ ला गेले. ती एकच ओळ बाबांनी चारदा लावायला सांगितली. ती फाईल पंधरा एमबीची आहे आणि तिच्या मी तीन कॉपी केल्या, एक पायमध्ये, एक पुतण्याकडे नागपूरला, एक लोखंडी कपाटात.

कोणी मला फोन करून विचारतो, घेऊ का, तर मी म्हणतो स्पीकर चांगले घे, अर्थिंग तपास, खोलीत गाद्या टांग, डिस्कच्या दोन कॉपी ठेव, आणि तरीही पैसे उरले आणि शहरात राहत असशील, सर्व्हिस सेंटर जवळ असेल, कॉम्प्युटरला हातच लावायचा नसेल, तर घे. खेड्यात, दुरुस्तीला सात आठवडे लागणार असतील तिथं नको. माझा सर्व्हर मी विकायला काढला आहे, १,९०,००० पर्यंत मागणी आली, दोन लाखाला गेला तर देतो. त्यातून पहिले चांगला कॅसेट डेक घ्यायचा आहे, उरलेल्या १८ कॅसेटांपैकी चार जुन्या डेकवर अडकून राहिल्या आहेत आणि बाबा रोज विचारतात.