स्काची सुरुवात कोणापासून करावी: मेयटल्स की वेलर्स?

जमैकातील सुरुवातीचे स्का, म्हणजे तिथले १९६०च्या दशकातले वेगवान नाचते संगीत, ऐकायचे ठरवले आहे, पण तूर्त एकच संग्रह घ्यायचा आहे, अशा श्रोत्यापुढे बहुधा हीच दोन नावे उरतात. दोन्ही गट किंग्स्टनमध्ये निर्माते कॉक्सन डॉड यांच्या स्टुडिओ वन या ध्वनिमुद्रण स्टुडिओत गायले आणि त्या काळात दोघांच्याही साथीला स्कॅटलाइट्स या वाद्यवृंदाचेच वादक होते. तेव्हा तोलायचे ते गळेच.

गीतरचनेत वेलर्स सरस आहेत, हे मी आधीच मान्य करतो. किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीत गायक जो हिग्ज यांनी त्यांच्याकडून सुरांची जी तालीम करून घेतली, तिचे चीज १९६४च्या ‘सिमर डाउन’मध्ये स्पष्ट ऐकू येते. अडचण पुढे येते. १९६५चा ‘द वेलिंग वेलर्स’ हा त्यांचा संग्रह मी लावतो, ठेका अंगात भिनू लागतो, आणि तेवढ्यात टॉम जोन्स यांनी गाजवलेले ‘व्हॉट्स न्यू पुसीकॅट’ सुरू होते. थोड्या वेळाने ‘टेन कमांडमेंट्स ऑफ लव्ह’ हे संथ अमेरिकी प्रेमगीत येते आणि जमलेली बैठक पुन्हा विस्कटते. ही गाणी वाईट गायली आहेत असे नाही. पण मी स्का ऐकायला बसलेलो असतो, आणि प्रत्येक वेळी उठून गाणे पुढे ढकलण्याचा मला खरोखरच कंटाळा आला.

मेयटल्सच्या बाबतीत तसे उठावे लागत नाही. त्यांचे मुख्य गायक टूट्स हिबर्ट चर्चच्या गाण्यात वाढलेले. ‘सिक्स अँड सेव्हन बुक्स ऑफ मोझेस’मध्ये ते बायबलमधील ग्रंथांची नुसती नावे घेतात, तरी गटातील साथीदार रॅली गॉर्डन आणि जेरी मथायस यांच्या प्रतिसादाने त्या यादीचे भजन होते. साचा तोच तो वाटू शकतो, विशेषतः सलग तासभर ऐकल्यास, हा आक्षेप मला अगदीच अमान्य नाही.

वारशाचा विचार केल्यास वेलर्समधील बॉब मार्ली यांच्या कीर्तीशी मेयटल्सची बरोबरी होणार नाही. परंतु ती कीर्ती मुख्यतः रेगे या स्कानंतर आलेल्या शैलीची, आणि त्या शैलीचे नाव रूढ करण्याचे श्रेय मेयटल्सच्या १९६८च्या ‘डू द रेगे’लाच देतात. शिवाय १९७९ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या स्पेशल्स या गटाने स्का पुन्हा उभे केले, तेव्हा पहिल्याच अल्बममध्ये त्यांनी मेयटल्सचे ‘मंकी मॅन’ घेतले. मार्ली यांचा पुढचा प्रवास मुळापासून समजून घ्यायचा असेल, तर वेलर्स अवश्य घ्यावेत. निव्वळ स्का हवे असेल, तर मी मेयटल्सकडे वळेन.