स्वतःची पाठ स्वतः रगडायला काय घ्यावं: रोलर, हूक, चेंडू की मसाज गन?

पाठ रगडायचं साधन बघायला गेलं की पाच-सहा प्रकार समोर येतात आणि प्रत्येकाच्या खोक्यावर तेच लिहिलेलं असतं, पाठदुखीवर आराम. पण पाठ म्हणजे मानेच्या मुळापासून माकडहाडापर्यंतची केवढी तरी जागा. माझं काम शिवणयंत्रावरचं, त्यामुळे माझं दुखणं उजव्या फऱ्याच्या आतल्या कडेला, बोटभर जागेत. शेजारचे दादा शिरोलीच्या फाउंड्रीत आहेत. त्यांची कंबर संध्याकाळी भरून येते. माझं माहेर हुपरीचं. तिथे चांदीकाम करणारी माणसं दिवसभर मांडी घालून पुढे वाकलेली असतात, त्यांची मान आणि पाठीचा वरचा भाग आखडतो. या तिघांनी एकच वस्तू आणली तर एकाला ती लागू पडेल आणि दोघांच्या कपाटात पडून राहील. म्हणून आधी दुखतं नेमकं कुठे ते बोट ठेवून ठरवा आणि मगच पुढचं वाचा.

कोल्हापुरात मालीश म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नाही. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान 1912 साली बांधून घेतलं, आणि तालमी तर त्याच्याही आधीपासून होत्या. आमचे आबा तरुणपणी तालमीत होते. मालीश करताना ते जोराच्या आधी दुसरंच बघायचे: पालथं झोपलेल्या माणसाने अंग सोडलंय की नाही. हात उचलून बघायचे, तो जड लागला तर ठीक. आपणच उचलून धरला असेल तर म्हणायचे, "आधी सोड की अंग, मग दाबतो." मालीश घेणाऱ्याचे स्नायू ढिले पाहिजेत, हे त्यातलं मूळ. स्वतःची पाठ स्वतः रगडताना नेमकं तेच अवघड होतं. हात मागे वळवला की फऱ्याचं हाड मणक्याकडे ओढलं जातं, म्हणजे जो स्नायू मोकळा करायचा तोच आवळला जातो. म्हणून मी प्रत्येक साधनाला एकच प्रश्न विचारते: हे वापरताना माझा खांदा ढिला राहतो का?

दोन मुठींचा पट्टीवाला रोलर

स्वतःच्या पाठीसाठी हातात धरायचा रोलर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हाच येतो. मधे लाकडी किंवा रबरी गोळ्यांची माळ, दोन्ही टोकांना दोरी किंवा पट्टी आणि मुठी. आंघोळीनंतर पंच्याने पाठ पुसतो तसा तो फिरवायचा. एक हात डोक्यामागून वर, दुसरा कमरेपाशी, आणि वर-खाली ओढायचं. पूर्ण पाठीवर पोहोचणारं, उभ्या उभ्या, अंगावरच्या कपड्यांवरून वापरता येणारं दुसरं साधन मला तरी माहीत नाही. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्याला, दिवसभर स्कूटरवर फिरणाऱ्याला, ज्याची पाठ एका जागी न दुखता सगळीच जड होते त्याला, हाच घ्या असं मी सांगेन. दोन-तीन मिनिटांत पाठ ऊबदार होते आणि मोकळी वाटते.

पण माझ्यासारखी एका जागची गाठ असेल तर हा रोलर त्या जागेवरून फक्त जातो. दाब आपल्याच दंडांच्या ओढीतून येतो, त्यामुळे तो बेताचाच राहतो, आणि वाढवायला गेलं की खांदे ताठ होतात. ज्यांचा खांदा धरलेला आहे त्यांना तर हात डोक्यामागे न्यायलाच जमत नाही. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा धरण्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणून आई-वडिलांसाठी घेत असाल तर घेण्याआधी त्यांना तो हात वर करून दाखवायला सांगा.

घेताना माळेकडे नीट बघा. सगळे गोळे एकाच मापाचे आणि चिकटून असतील तर आडवं ओढताना मधला गोळा थेट मणक्याच्या टोकांवर टकटकत राहतो. दोन मोठ्या गोळ्यांच्या मधे खाच असलेली माळ बरी, मणका त्या खाचेत बसतो. नाहीतर रोलर उभा धरून आधी मणक्याच्या एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने फिरवायचा, हाडावरून न्यायचाच नाही. दुसरं, गोळे दांड्यावर खरोखर फिरतात का ते आपल्या हातावर दाबून बघा. स्वस्तातल्या रोलरमध्ये ते थोडा दाब पडला की अडकतात आणि मग कातडी सोलवटते. गोळ्यांच्या फटीत केस सापडतात, तेव्हा वेणी वर बांधून घ्यायची.

यालाच जवळचा दुसरा प्रकार म्हणजे लांब दांडा आणि टोकाला एक चाक. जत्रेत, प्रदर्शनात लाकडी मिळतो, स्वस्त असतो. लांब दांड्याच्या टोकाशी दाब देता येत नाही, मनगटच थकतं. पाठीवरून काहीतरी फिरल्याचं सुख मिळतं, पण गाठीसाठी त्याचा उपयोग नाही. आणि लाटण्यासारखी दोन्ही हातांत धरायची मसाज स्टिक मिळते, ती स्वतःच्या पाठीसाठी मुळीच घेऊ नका. ती पोटऱ्या आणि मांड्यांची आहे. पेठेत फुटबॉल खेळणारं पोरगं घरात असेल तर त्याला द्या, त्याच्या कामाची आहे.

हूक

दिसायला ओबडधोबड आणि दुकानात सर्वांत दुर्लक्षित, पण फऱ्याच्या आतल्या गाठीसाठी माझ्या मते सगळ्यांत चांगलं साधन हेच. इंग्रजी एस किंवा जे अक्षरासारखा वाकलेला, दीड-दोन फुटांचा दांडा आणि टोकाला गोल बोंड. उजव्या बाजूची गाठ असेल तर हूक डाव्या खांद्यावरून मागे टाकायचा, बोंड गाठीवर टेकवायचं आणि पुढचं टोक दोन्ही हातांनी खाली ओढायचं. तरफेचं तत्त्व आहे, पुढे थोडं ओढलं तरी मागे भरपूर दाब मिळतो. महत्त्वाचं म्हणजे दोन्ही हात पोटासमोर, कोपर अंगाला टेकलेले. खांदा ढिला राहतो. आबांच्या परीक्षेत हा पास होतो.

हा फिरवायचा नसतो. टेकवायचा, हळूहळू दाबायचा, वीस-तीस सेकंद धरायचा, श्वास सोडत राहायचं आणि सोडायचा. मी मान किंचित पुढे घालते, म्हणजे स्नायू ताणला जातो आणि जागा चटकन सापडते. दाब इतकाच ठेवायचा की दुखतंय पण श्वास अडकत नाही. दात आवळले गेले तर दाब जास्त झाला असं समजा. एका जागेवर एक मिनिटाच्या वर बसू नका. दुसऱ्या दिवशी तिथे हिरवं-निळं पडलं तर ते मालीश झालं नाही, मार बसला.

घेताना दोन्ही टोकं धरून वाकवून बघा. पातळ प्लास्टिकचा असेल तर तो स्वतःच वाकतो आणि दाब पाठीपर्यंत पोहोचत नाही. घडीचे हूक प्रवासाला बरे, पण जोडावर कुरकुरतात आणि आधी तिथेच तुटतात. सलग दांड्याचा घ्यावा. याची अडचण म्हणजे हात बसायला थोडे दिवस लागतात, आणि पूर्ण पाठ जड झालेल्या माणसाला टोचून टोचून दाबण्यात समाधान वाटत नाही.

चेंडू

ज्याला आत्ता पैसे घालायचे नाहीत, किंवा ही साधनं आपल्याला चालतील का हेच बघायचं आहे, त्याने टेनिसच्या चेंडूने सुरुवात करावी. नियमाप्रमाणे त्याचा व्यास साडेसहा ते सात सेंटिमीटरच्या दरम्यान आणि वजन साठ ग्रॅमच्या आत असतं. त्यामुळे तो हाताला भरीव लागतो, पण दाबला जातो. टेनिस बॉल क्रिकेट आपल्याकडे गल्लोगल्ली चालतं, घरात एखादा असतोच. नवा कोरा फार उसळतो, थोडा वापरलेला जास्त बरा. लेदरचा किंवा कॉर्कचा चेंडू नको, तो कडक असतो आणि शिवण बरगडीवर रुतते.

चेंडू लांब पायमोज्यात घालायचा, मोजा खांद्यावरून मागे सोडायचा, म्हणजे भिंतीला टेकल्यावर चेंडू घरंगळत खाली जात नाही. आता ज्या बाजूला दुखतं त्या बाजूचा हात पुढून दुसऱ्या खांद्यावर ठेवा. फऱ्याचं हाड बाहेर सरकतं आणि ते व मणका यांच्यामधली मऊ जागा उघडी पडते. चेंडू तिथे बसवून भिंतीवर रेलायचं, गुडघ्यात किंचित वाकून दोन बोटं वर, दोन बोटं खाली. दाब कमी-जास्त करायला फक्त पाय भिंतीपासून लांब किंवा जवळ घ्यायचे. सगळं वजन पायांवर आणि भिंतीवर असतं, खांद्याला काही कामच उरत नाही. हूक आणि चेंडू यांत निवडायचं तर घरात मोकळी भिंत मिळणाऱ्याने चेंडू घ्यावा. दुकानात, ऑफिसात खुर्चीतच बसून राहावं लागणाऱ्याने हूक घ्यावा. जमिनीवर झोपून चेंडू घेण्याची घाई करू नका, तिथे अंगाचं सगळं वजन त्याच्यावर पडतं.

दोन चेंडू एकाच मोज्यात शेजारी-शेजारी घट्ट बांधले की मधे मणक्यापुरती खाच राहते. हुपरीच्या माझ्या चुलत्यांना मी हेच करून दिलं. काम संपल्यावर ते भिंतीला टेकून उभे राहतात आणि दोन्ही बाजू एकदम मोकळ्या करतात.

फोम रोलर

फोमच्या लोडासारखा असतो. हा हातात धरायचा नाही, पण दुकानदार शेजारीच दाखवतो म्हणून सांगते. जमिनीवर ठेवून त्यावर आडवं झोपायचं. पुढे वाकून काम करणाऱ्यांच्या पाठीच्या वरच्या अर्ध्या भागाला तो फार चांगला, छाती उघडते. बरगड्या संपतात तिथे थांबायचं. त्याखाली कमरेला बरगड्यांचा आधार नसतो, त्यावर लोळलं की कंबर उलटी वाकते. गुडघे दुखणाऱ्याने, खाली बसून उठायला त्रास होणाऱ्याने घेऊ नये. पातळ गादीएवढी जागा लागते, तीही बघा.

मसाज गन

सर्वांत महाग आणि सध्या खूप खपणारी. जेसन वर्सलँड या अमेरिकन कायरोप्रॅक्टरने (मणके-सांध्यांवर हाताने उपचार करणारा) 2007 च्या मोटारसायकल अपघातानंतर स्वतःच्या दुखण्यासाठी असं यंत्र जुळवलं आणि पुढे ते जगभर पसरलं. आतली मोटर डोकं पुढे-मागे आपटते, मिनिटाला साधारण दोन ते तीन हजार ठोके. किती ठोके यापेक्षा डोकं किती मिलिमीटर पुढे येतं ते विचारा. दहा-बारा मिलिमीटर असेल तर ठोका आत पोहोचतो, पाच-सहा असेल तर कातडी नुसती थरथरते. स्वस्तातल्या बऱ्याच गन अशा थरथरणाऱ्याच असतात, आणि जरा दाबल्या की मोटर थांबते.

मांडी, पोटरी, कुल्ला यांना गन खरोखर गुणकारी आहे. स्वतःच्या पाठीला मात्र ती पोहोचत नाही. किलोच्या आसपासचं वजन हातात घेऊन हात मागे वळवायचा, कोपर हवेत, मनगट वाकडं. खांदा ढिला राहायचा प्रश्नच नाही. घरात दुसरं कुणी धरणारं असेल तर गोष्ट वेगळी. शेजारच्या दादांकडे गन आहे आणि वहिनी धरतात. पण त्या ती कमरेच्या मधोमध लावत नाहीत. कुल्ले आणि मांडीचा मागचा भाग यांवर फिरवतात आणि त्याने कंबर हलकी होते, कारण दिवसभर उचलण्याने तेही स्नायू आखडलेले असतात. मणक्यावर, बरगड्यांवर, गळ्याच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर गन लावायची नाही. एकट्या राहणाऱ्याने पाठीसाठी गनवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच पैशात चांगला हूक, पट्टीचा रोलर आणि चेंडू येऊन वर पैसे उरतात.

तेल, पावसाळा आणि कंबरपट्टा

तेल लावलेल्या पाठीवर यांतलं काहीच चालवू नका. गोळे फिरायचे सोडून घसरतात आणि रबर, फोम तेलाने खराब होतात. तेल हाताच्या मालीशसाठी ठेवा. आपल्याकडचा पावसाळा लाकडाला सोसत नाही. जुलै-ऑगस्टात लाकडी गोळे फुगतात, पट्टीला कुबट वास येतो, आतला लोखंडी दांडा गंजतो. लाकडीच आवडत असेल तर वापरल्यावर पुसून हवेशीर टांगून ठेवायचा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. कटकट नको असेल त्याने रबरी गोळ्यांचा घ्यावा.

आणि यांतल्या कशानेही गाठ "फुटत" नाही. दाबामुळे स्नायू ढिला पडतो, दुखण्याची जाणीव कमी होते, आणि हा आराम काही तासांचा, फार तर एखाद्या दिवसाचा असतो. तेवढ्या वेळात चाललं, हात-पाठ ताणली, तर तो टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम आहे, मालीशही आहे, पण कंबरपट्टा नेहमी बांधू नका असं सांगितलं आहे. रोलर घ्यायला गेल्यावर सोबत पट्टाही गळ्यात मारला जातो म्हणून हे मुद्दाम लिहिते.

हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसांना, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांना आणि गरोदर बायकांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांतलं काही देऊ नका. पडल्यानंतर सुरू झालेली पाठदुखी, तापासोबतची पाठदुखी, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, यांवर रोलर फिरवण्यात वेळ घालवू नका. कळ पायात उतरत असेल आणि पाय बधिर किंवा लुळा पडत असेल, लघवी-संडासवरचा ताबा जात असेल किंवा जांघेत बधिरपणा आला असेल, तर सकाळची वाट न बघता कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.