आरसिंकमधील वगळण्याचे नियम: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घरच्या लिनक्स संगणकाचा बॅकअप मी गेले आठ महिने आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेतो आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रोग्रामबद्दल बरेच लिहिता येईल, पण मी फक्त फोल्डर वगळण्याच्या नियमांबद्दल लिहितो, कारण माझा बॅकअप कितपत भरवशाचा आहे हे शेवटी त्यांच्यावरच ठरले.

माझे होम फोल्डर, म्हणजे माझ्या सगळ्या फाइली ठेवलेले मुख्य फोल्डर, ३१० जीबीचे आहे. त्यात ब्राउझरचा कॅश आहे, वेबसाइटच्या कामातली नोड_मॉड्यूल्स नावाची असंख्य फोल्डर आहेत आणि व्हर्च्युअल मशीनची (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाची) ९० जीबीची एकच फाइल आहे, जी नुसती चालू करून बंद केली तरी बदलते आणि रात्री पुन्हा पूर्ण कॉपी होते. हे सगळे वगळल्यावर १४० जीबी उरले आणि रोजचा बॅकअप काही मिनिटांत होऊ लागला.

नियम एका फाइलमध्ये लिहितात; ‘+’ म्हणजे घ्या आणि ‘-’ म्हणजे वगळा. ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि जो नियम आधी जुळतो तोच लागू होतो. एवढे समजूनही मी अडकलो. डाउनलोड फोल्डर नको होते, पण त्यातले पावत्यांचे हवे होते, म्हणून मी वर ‘+ /डाउनलोड/पावत्या/’ आणि खाली ‘- /डाउनलोड/’ असे लिहिले. तरीही पावत्या आल्या नाहीत. कारण असे की बाहेरचे फोल्डर वगळले गेले की आरसिंक त्याच्या आत डोकावतच नाही, त्यामुळे आतल्या फोल्डरसाठी लिहिलेला नियम तपासण्याची वेळच येत नाही. दुसरी ओळ ‘- /डाउनलोड/*’ (फोल्डर नव्हे, त्याच्या आतले सगळे) अशी केल्यावर फोल्डर उघडे राहिले, त्यातले बाकीचे गळले आणि पावत्या आल्या.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. कामाच्या फोल्डरमधील ‘जुने’ हे उपफोल्डर वगळण्यासाठी मी ‘- जुने/’ असा नियम लिहिला. सुरुवातीला तिरकी रेघ नसेल तर तो नियम त्या नावाच्या प्रत्येक फोल्डरला लागतो, मग ते कितीही आत असो. आजोबांच्या जमिनीचे सातबारा आणि फेरफार स्कॅन करून मी ज्या फोल्डरमध्ये ठेवले होते, त्याचेही नाव ‘जुने’च होते. तीन आठवडे ते कागद बॅकअपमध्ये नव्हते आणि एकही सूचना आली नाही, कारण आरसिंकच्या लेखी काही चुकलेच नव्हते. मूळ फाइली संगणकावर सुरक्षित होत्या म्हणून निभावले. तेव्हापासून नवा नियम घातला की मी आधी ‘-एन’ आणि ‘-व्हीव्ही’ हे पर्याय देऊन कोरडी फेरी करतो. तीत प्रत्यक्ष कॉपी काहीच होत नाही, पण कोणते फोल्डर कोणत्या नियमामुळे वगळले गेले हे ओळीओळीने दिसते. ती यादी कंटाळवाणी असली तरी पूर्ण वाचावी, असे मी कळकळीने सांगेन.

सुरुवातीच्या रेघेचा अर्थही नीट समजून घ्यावा लागतो. ती संगणकाच्या मुळापासून नव्हे, तर कॉपी जिथून सुरू होते तिथून मोजली जाते. आज्ञेत स्रोताच्या, म्हणजे ज्याची कॉपी घ्यायची त्या फोल्डरच्या, नावाअखेरची रेघ द्यायची विसरली, तर होम फोल्डरचे नावही मार्गात धरले जाते आणि रेघेने सुरू होणारे, एरवी नीट चालणारे सगळे नियम एकदम निकामी होतात.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. ‘डिलीट’ हा, मूळ ठिकाणी आता नसलेल्या फाइली बॅकअपमधूनही पुसणारा पर्याय दिला तरी वगळलेल्या फोल्डरची हार्ड डिस्कवर आधीच गेलेली प्रत तशीच राहते. ती काढण्यासाठी ‘डिलीट-एक्स्क्लूडेड’ हा वेगळा पर्याय आहे. मला हा भेद योग्य वाटतो, कारण ‘- जुने/’सारखा चुकीचा नियम आणि हा पर्याय एकत्र आले असते, तर बॅकअपमधली चांगली प्रतही पुसली गेली असती. म्हणून तो पर्याय मी वापरत नाही. व्हर्च्युअल मशीनची जुनी प्रत मी गेल्या महिन्यात हाताने पुसली आणि ९० जीबी जागा मोकळी झाली.