नवा म्हणून जुनाच गिझर माझ्या गळ्यात मारला: १,५७० डॉलर गेले

लिहायची लाज वाटते, पण लिहितो. उन्हाळ्यात आणखी कुणी आई-बाबांना आरव्हीतून (राहायची सोय असलेल्या गाडीतून किंवा ट्रेलरमधून) फिरवायला नेणार असेल, तर निदान त्याचे पैसे वाचतील.

मे महिन्याच्या शेवटी, मेमोरियल डेच्या सुट्टीत आम्ही डेन्व्हरहून युटामधल्या मोआबला गेलो होतो. ट्रेलर २०१८चा, जुना घेतलेला. दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेरच्या झाकणातून पाणी ठिबकताना दिसलं. सहा गॅलनचा गिझर, त्याच्या पितळी रिलीफ व्हॉल्व्हच्या तोंडातून थेंब थेंब पाणी येत होतं. बाबांना पहाटे गरम पाण्याची अंघोळ लागते, गुडघे धरलेले असतात. सुट्टीमुळे दुकानं बंद. कॅम्पग्राउंडच्या लाँड्रीत एका फिरत्या मेकॅनिकचं कार्ड लावलेलं होतं, त्याला फोन केला. यात माझं काय चुकलं, हे मला अजूनही कळत नाही. त्या घडीला दुसरं कुणीही हेच केलं असतं.

तो आला, टॉर्च मारला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हिवाळ्यात टाकीतलं पाणी काढलं होतं का?" काढलं होतं. पण डेन्व्हरची थंडी, मनात शंका आलीच. तिथेच त्याने मला पकडलं. ॲल्युमिनियमची टाकी गोठून तडकली आहे, पाणी ट्रेलरच्या फरशीखाली मुरेल, प्लायवूड कुजेल, शेजारीच प्रोपेनचा बर्नर आहे, असं तो बोलत राहिला. आई दारात उभी राहून ऐकत होती.

त्याला फोन करण्याआधीच मी गिझर बंद केला होता आणि तो गार झाल्यावर ठिबकणं थांबलं होतं. मी ते त्याला सांगितलंसुद्धा! तडकलेली टाकी गार झाली म्हणून गळायची थांबते का? मी इंजिनियर आहे. एवढा साधा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही, याचा राग अजून जात नाही. तडा कुठे आहे ते हात लावून दाखव, असंही म्हटलं नाही. तुम्ही म्हणा. दाखवत नसेल तर त्याला तिथूनच परत पाठवा.

हिशेब असा: येण्याचे १६५ डॉलर कार्डवर. नवा गिझर ८९५, मजुरी ३९०, सुट्टीच्या दिवसाचे १२०, हे १,४०५ डॉलर झेलने (बँकेतून थेट पैसे पाठवायची सेवा), तेही आगाऊ. झेलने गेलेला पैसा परत येत नाही, हे मला माहीत होतं. "पार्ट आणायला पैसे लागतात" म्हणाला, मी पाठवले.

दुसऱ्या दिवशी तो काम करत असताना आम्ही आर्चेस पार्कात विंडोज नावाच्या भागातल्या दगडी कमानी पाहत होतो. काम चालू असताना जागेवरून हलू नका. परत आलो तर झाकण चकचकीत पुसलेलं, ठिबकणं बंद. जुना गिझर भंगारात देतो म्हणून घेऊन गेला, असं त्याचा मेसेज सांगत होता. संध्याकाळी झाकण उघडून बघत होतो, तेव्हा आई मागून म्हणाली, "अरे, कुंभारीण नव्या पेटीतपण घर करून बसली का?"

बर्नरच्या कोपऱ्यात कुंभारीण माशीचं मातीचं घरटं होतं. तेच, आदल्या दिवशी त्याने टॉर्च मारला तेव्हा दिसलेलं. आईला दिसलं आणि मी "असेल गं" म्हणून झाकण लावलं. तेव्हा तो मोआबमध्येच होता. चौकटीभोवतीचं सीलंटही जुनंच, पिवळं पडलेलं होतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा ठिबकायला लागलं. डेन्व्हरमधल्या एका जुन्या आरव्हीवाल्याने फोनवरच सांगितलं की टाकीच्या वरच्या भागात हवेचा थर असतो. पाणी तापून फुगलं की तो दाब झेलतो. वापरता वापरता ती हवा पाण्यात विरून जाते, मग दाब वाढतो आणि व्हॉल्व्ह थोडं पाणी सोडतो. दाब १५० पीएसआय किंवा तापमान २१० फॅरनहाइट झालं की उघडायचं, हे त्याचं कामच आहे. गिझर बंद करून पूर्ण गार होऊ द्या (गरम असताना हात लावू नका, भाजेल), पाणीपुरवठा बंद करा, आतला गरम पाण्याचा नळ उघडा, व्हॉल्व्हची दांडी उचला, पाणी यायचं थांबलं की दांडी सोडा, नळ बंद करून पाणी परत सुरू करा. पंधरा मिनिटांत झालं. त्या मेकॅनिकने माझ्या १,५७० डॉलरांत एवढंच केलं होतं. तरीही ठिबकलं तर व्हॉल्व्ह बदला, पण त्याच्या तोंडाला बूच कधीही मारू नका.

मग लेबल पाहिलं. ट्रेलर घेताना काढलेल्या फोटोतला आणि यावरचा सिरियल नंबर एकच. तुमच्या गिझरच्या लेबलचा फोटो आजच काढून ठेवा.

पुढचे दोन महिने फोनवर गेले. बँक म्हणते झेलचे पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, म्हणून फसवणुकीचं संरक्षण लागू नाही. कार्डचे १६५ मागितले तर म्हणे मेकॅनिक आला होता ना, सेवा मिळाली. पोलीस म्हणाले हा दिवाणी वाद आहे. बिलावरच्या पत्त्यावर नुसती भाड्याची टपालपेटी, मग दिवाणी नोटीस बजावायची कुणावर? गाड्यांच्या दुरुस्तीचं सरकारी खातं म्हणतं गिझर हा गाडीचा भाग नाही, घरांच्या ठेकेदारांचं खातं म्हणतं ट्रेलर म्हणजे घर नाही. एकेका ठिकाणी चाळीस-चाळीस मिनिटं होल्डवर थांबलो, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगितलं, प्रत्येकाने पुढचा नंबर दिला. ग्राहक तक्रारींच्या कचेरीने मात्र फॉर्म घेतला, दोन्ही फोटो घेतले. सहा आठवड्यांनी त्यांचं पत्र आलं: तक्रारीची छाननी करण्यासाठी काढून टाकलेला जुना गिझर पुरावा म्हणून सादर करावा.