शॉर्ट डेक पोकर: काही महिने खेळल्यानंतरचा अनुभव

पावसाळ्यात सुरू केलं होतं, आता स्वेटर निघालेत तरी दर शनिवारी बसतोच आम्ही, त्यामुळे आता यावर लिहायला हरकत नाही. आम्ही म्हणजे कोथरूडच्या आमच्या सोसायटीतले पाच-सहा जण, साधा होल्डम (पोकरचा नेहमीचा प्रकार: हातात दोन पत्ते आणि टेबलवर सगळ्यांसाठी पाच) सगळ्यांना बऱ्यापैकी येत होता. पैसे लावत नाही, बोहरी आळीतून आणलेल्या प्लास्टिकच्या चिप्स वापरतो.

शॉर्ट डेक म्हणजे तोच होल्डम, फक्त दुर्री, तिर्री, चौकी आणि पंजी चारही रंगांतली बाजूला काढायची, उरतात ३६ पत्ते. ज्यांनी सात-आठ किंवा ३०४ खेळलंय त्यांना लहान पत्ते काढून खेळणं नवीन नाही, आमच्यातल्या एका काकांनी तर नियम पूर्ण ऐकायच्या आधीच कॅट हातात घेऊन काढायला सुरुवात केली. एक्का छक्कीच्या खाली पण लागतो, म्हणजे एक्का-छक्की-सत्ती-अठ्ठी-नव्वी ही सगळ्यात लहान स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते). ब्लाइंड (दोघांनीच आधी लावायच्या सक्तीच्या चिप्स) बहुतेक ठिकाणी नसतात, प्रत्येकाने एक अँटी (डावाच्या सुरुवातीची ठरलेली चिप) टाकायची आणि बटनवाल्याने, म्हणजे त्या डावाच्या वाटणाऱ्याने, दोन. त्यामुळे काय होतं की पत्ते बघायच्या आधीच पॉटमध्ये (मधल्या चिप्सच्या ढिगात) बरंच काही पडलेलं असतं आणि गप्प बसून वाट बघणारा माणूस हळूहळू संपतो.

आता मुख्य गोष्ट. या खेळात पत्ते सतत चांगले येतात आणि तिथेच माणूस फसतो. साध्या होल्डममध्ये हातात दोन एक्के येण्याची शक्यता २२१ मध्ये १ असते, इथे १०५ मध्ये १, म्हणजे दुपटीहून जास्त. कुठलीही जोडी साधारण बारा डावांत एकदा येते. पण समोरच्यालाही तसंच येतंय ना! दोन एक्के घेऊन सगळ्या चिप्स आत ढकलल्या आणि समोरून गुलाम-दश्शी एकाच रंगाची आली तर साध्या खेळात जितकं निश्चिंत बसता येतं तितकं इथे नाही बसता येत. हे डोक्याला पटतं लगेच, पण हाताला पटायला महिने जातात. मी आता एक्का-नव्वी वेगवेगळ्या रंगांची आली की बहुतेक वेळा टाकून देते आणि गुलाम-दश्शी एका रंगाची असेल तर आनंदाने खेळते. सुरुवातीला कोणी मला हे सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

आकड्यांचं एक सांगते कारण त्याने माझा खेळ खरंच बदलला. साध्या होल्डममध्ये फ्लॉपनंतर (टेबलवर पहिले तीन पत्ते उघडले की) आऊट्स, म्हणजे आपलं काम करणारे उरलेले पत्ते, गुणिले चार करतात की लागायची टक्केवारी साधारण कळते, तसं इथे गुणिले सहा करायचं. दोन्ही बाजूंनी उघडी स्ट्रेट (ओळीने चार पत्ते, कुठल्याही टोकाला एक हवा) असेल तर आठ आऊट्स, सहाने गुणलं की ४८, खरा आकडा ४६ टक्क्यांच्या आसपास. साध्या खेळात हाच ३२ च्या आत असतो. फ्लशचं (एकाच रंगाचे पाच पत्ते) मात्र उलटं, एका रंगाचे नऊच पत्ते, चार दिसले की उरले पाच, म्हणून लागायची शक्यता ३० टक्केच. म्हणूनच फ्लश इथे फुल हाऊसच्या (तीन सारखे आणि एक जोडी) वर धरतात, आणि हे मोजून बघितलं तर एकदम पटतं: ३६ पत्त्यांत पाच पत्त्यांचे फुल हाऊस १,७२८ बनतात आणि फ्लश फक्त ४८०.

हे एका डावात बघायला मिळालं. टेबलवर चौकटचा राजा, इस्पिकची नव्वी, इस्पिकची अठ्ठी. एका वहिनींच्या हातात दोन राजे, त्यांच्या शेजारी किलवरची गुलाम-दश्शी आणि तिसऱ्याकडे इस्पिकचा एक्का-दश्शी. चौथा पत्ता चौकटची राणी, गुलाम-दश्शीवाल्याची स्ट्रेट झाली. पाचवी आली इस्पिकची राणी, वहिनींचं फुल हाऊस झालं, त्यांनी पत्ते उघडले, पण त्याच पत्त्याने एक्कावाल्याचा फ्लश पूर्ण झाला होता आणि पॉट तिकडे गेला. एकाच पत्त्यावर तिघांचं नशीब इकडचं तिकडे होतं, त्या डावानंतर कोणी साध्या होल्डमचं नावच काढलं नाही.

एक गोष्ट पत्ते पिसायच्या आधी ठरवाच: स्ट्रेट मोठी की तीन सारखे? काही ठिकाणी तीन सारखे वर धरतात, ट्रायटन या मोठ्या पोकर मालिकेच्या स्पर्धांमध्ये स्ट्रेट वर. आम्ही ट्रायटनचंच घेतलं, कारण शिकायला जे व्हिडिओ बघतो ते बरेचसे तिथलेच. हा खेळ मकाऊच्या मोठ्या टेबलांवरून पसरला आणि २०१९ मध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये त्याला स्वतःचा ब्रेसलेट इव्हेंट (विजेत्याला ब्रेसलेट मिळणारी स्पर्धा) मिळाला, त्यामुळे बघायला भरपूर आहे. सरावासाठी एक फुकटचं ॲप घेतलं होतं, पण त्यात कुठला नियम धरलाय ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, अर्ध्या डावात कळायचं, शेवटी काढून टाकलं. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहेच, तिकडे जायचं कारणच नाही, घरी चिप्सवर खेळण्यातच खरी मजा आहे.

कोणी घ्यावं शिकायला? ज्यांना होल्डम येतो त्यांनी नक्की. अगदी नवीन माणसाने आधी ५२ पत्त्यांचा खेळ पक्का करावा, नाहीतर दोन्हीकडचे क्रम डोक्यात गोंधळ करतात, आमच्याकडे एका नवीन मुलाचं तसंच झालं, तो महिनाभर साधाच खेळला आणि मग आला, आता मस्त खेळतो. माणसं पाच-सहा हवीत. दोघंच असाल तर सरळ सात-आठ मांडा.