घरचं बीपी मशीन, नऊ महिन्यांची वही आणि तक्त्यात न दिसलेला धोका

दिवाळीच्या तोंडावर दादाला अटॅक आला. वय ४९. पहाटे छाती भरून आली, घाम सुटला, डावा खांदा दुखायला लागला. पित्त असेल म्हणून त्याने गोळी घेतली आणि तासभर पडून राहिला. वहिनीने त्याचं काही ऐकलं नाही, शेजाऱ्यांना उठवून गाडी काढायला लावली, म्हणून आज दादा आहे. अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. आयसीयूच्या बाहेर डॉक्टरांनी विचारलं, "सख्खी भावंडं किती?" मी एकटीच. "मग तुम्हीही महिनाभरात तपासून घ्या."

त्यानंतर मी दंडावर लावायचं बीपी मशीन घेतलं. आता नऊ महिने झाले. हा अनुभव त्या मशीनचा आहे, पण नुसतं मशीन कसं आहे एवढंच लिहून भागणार नाही. माझ्या बाबतीत त्याने जे दाखवलं ते आधीच्या एकाही तपासणीत दिसलं नव्हतं.

मी ४६ वर्षांची, साताऱ्यात शिक्षिका. शुगर नाही, तंबाखू-मिश्री नाही, वजन थोडं जास्त. पहिल्यांदा गेले ते नेहमीच्या दवाखान्यात. बीपी १२८/८०, ईसीजी नॉर्मल, शुगर नॉर्मल, एकूण कोलेस्टेरॉल २१८. डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा तक्ता काढला. त्यात वय, स्त्री की पुरुष, बीपी, मधुमेह, धूम्रपान आणि कोलेस्टेरॉल बघून पुढच्या दहा वर्षांचा धोका काढतात. मी हिरव्या चौकोनात, पाच टक्क्यांच्या आत. जीव भांड्यात पडला.

वहिनीला मात्र ते पटलं नाही. तिच्या आग्रहावरून दादाच्याच हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मॅडमना दाखवलं. त्यांनी मशीनला हात लावायच्या आधी वीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले. वडिलांना काही होतं का? पाळी नियमित आहे का? आणि मग, "बाळंतपणात बीपी वाढलं होतं?"

वाढलं होतं. मुलीच्या वेळी आठव्या महिन्यात पाय सुजले, बीपी १६० च्या पुढे गेलं आणि तीन आठवडे आधीच सिझर करावं लागलं. नंतर सगळं ठीक झालं आणि आम्ही विसरलो. त्याला १९ वर्षं झाली. इतक्या वर्षांत मला हा प्रश्न एकाही डॉक्टरांनी विचारला नव्हता आणि मीही कधी आपणहून सांगितलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, गरोदरपणात प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे बीपी वाढून होणारा हा त्रास, झालेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. शिवाय सख्ख्या भावाला ५५ च्या आत अटॅक, हे दुसरं कारण. तक्ता चुकीचा नाही, पण या दोन्ही गोष्टींना त्यात रकानाच नाही. ब्रिटनमध्ये क्यूरिस्क-३ नावाचं गणित वापरतात. त्यात घरचा इतिहास येतो, माणूस भारतीय वंशाचा असेल तर तेही धरतात. पण ते तिथल्या लोकांच्या नोंदींवर बेतलेलं आहे आणि बाळंतपणातलं बीपी त्यातही नाही. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्यांना ५९ च्या आसपास. दादाचं ४९ म्हणजे काही जगावेगळं नव्हतं.

मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या. रक्तातलं लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण) एकदा तपासा, आणि आठवडाभर घरी बीपी मोजून आकडे लिहून आणा.

आता मशीनकडे येते. आधी मी मनगटावरचं घेतलं होतं, कारण ते लहान आणि दिसायला छान. दोन मिनिटांच्या अंतराने त्याने एकदा ११८ दाखवलं, एकदा १४४. मनगट हृदयाच्या पातळीवर नेमकं धरलं नाही की आकडा भरकटतो. ते परत केलं आणि दंडावरचं घेतलं, साधारण २,३०० रुपयांना. चार पेन्सिल सेल, दोन माणसांच्या नोंदी वेगळ्या, ठोके अनियमित वाटले तर खूण दाखवतं. कुठल्याही कंपनीचं घ्या, पण ते मॉडेल स्ट्राइड बीपीच्या यादीत आहे का हे आधी बघा. अचूकतेची रीतसर चाचणी पार केलेली मशीन त्या यादीत असतात आणि ती कोणालाही बघता येते.

दुसरी गोष्ट पट्ट्याचं माप. शिवणकामाची टेप घ्या, खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. मशीनबरोबर येणारा पट्टा बहुतेक २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो. माझा दंड २९, मला बसला. मिस्टरांचा ३५. त्यांना तोच पट्टा ओढूनताणून लावला तर बीपी १४६ यायचं, मोठा पट्टा मागवून लावल्यावर १३४. महिनाभर त्यांना उगाच घोर लागला होता. दुकानदाराने घेराबद्दल विचारलंच नव्हतं.

बसण्याची पद्धत मला नीट जमायला चार दिवस लागले. सकाळी उठून लघवीला जाऊन यायचं, चहा आणि गोळीच्या आधी. पाठीला टेका असलेली खुर्ची, पाय जमिनीवर टेकलेले, पायावर पाय नाही. हात टेबलावर, दंड हृदयाच्या पातळीत. पाच मिनिटं गप्प. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, संध्याकाळी पुन्हा तसंच. सात दिवस मोजायचं, पहिला दिवस सोडून द्यायचा, बाकीच्यांची सरासरी काढायची. एकदा मुद्दाम हात खुर्चीखाली लोंबता ठेवून मोजलं: १३९. लगेच टेबलावर ठेवून मोजलं: १३१. दवाखान्यात आपण स्टुलावर बसतो, मागे टेका नाही, नर्सशी बोलत असतो आणि हात कसाही पडलेला असतो. त्या आकड्यावर गोळी ठरते, हे मला आता फार खटकतं.

माझ्या बाबतीत उलटंच निघालं. मॅडमच्या केबिनमध्ये १२६/८०, आणि घरची सहा दिवसांची सरासरी १३८/८७. सकाळचे आकडे तर रोज १४० च्या वर. घरी मोजताना १३५/८५ ही मर्यादा धरतात, दवाखान्यात १४०/९०. दवाखान्यात घाबरून बीपी वाढणारे लोक आपल्याला माहीत असतात, पण दवाखान्यात बरोबर आणि घरी जास्त असाही प्रकार असतो. त्याला मास्क्ड हायपरटेन्शन म्हणतात, म्हणजे झाकलेलं बीपी. हे दवाखान्यात कितीही वेळा मोजलं तरी सापडणार नाही. वहीचं पहिलं पान मॅडमनी दोनदा वाचलं. तेव्हाच मशीनचे पैसे फिटले, असं मी मनापासून म्हणते.

लायपोप्रोटीन-ए आलं ९२ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). ते ५० च्या आत असावं. हे जन्मतः ठरतं, खाण्यापिण्याने फारसं हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा तपासलं तरी बहुतेकांना पुरतं. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ते प्रत्येकाचं एकदा तपासावं असं म्हटलं आहे. नेहमीच्या 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये मात्र ते बहुतेक नसतं, वेगळं सांगावं लागतं. दादाचं तपासलं तर ११०.

एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १३८ होतं. त्यासाठी गोळी लगेच सुरू करायची की नाही यावर मॅडमनी पुण्याला जाऊन कॅल्शियम स्कोअरचा सीटी करायला सांगितला. सुई नाही, रंगद्रव्य नाही, दहा मिनिटांत बाहेर. हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये चुना किती साठलाय ते त्यात मोजतात. माझा स्कोअर १४. ऐकायला किरकोळ वाटतं, पण माझ्या वयाच्या बहुतेक बायकांचा शून्य असतो. प्रश्न तिथेच मिटला, गोळी सुरू करायची. एक सांगते, ही तपासणी सरसकट सगळ्यांनी करायची नाही. निर्णय अडला असेल तेव्हा तिचा उपयोग. स्कोअर शून्य आला तरी मऊ चरबीचा थर नाही असं ती सांगत नाही.

उपचाराबद्दल थोडक्यात, कारण माझ्या गोळ्या तुमच्या गोळ्या नव्हेत. बीपीला आधी अम्लोडिपिन दिली. बीपी उतरलं, पण तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी घोटे सुजायला लागले, चपलेचा पट्टा रुतून वळ उठायचा. मी गुपचूप गोळी बंद करणार होते. वहीत 'सूज' असं लिहिलं होतं म्हणून मॅडमच्या ते लक्षात आलं. हा त्या गोळीचा ओळखीचा त्रास आहे, म्हणाल्या, आणि टेल्मिसार्टन ४० वर बदललं. महिन्याने क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासलं. कोलेस्टेरॉलसाठी रोसुव्हास्टॅटिन १०. तीन महिन्यांनी एलडीएल ७४ आलं, सहा महिन्यांनी ७१. मॅडमना ७० च्या खाली हवंय. लायपोप्रोटीन-ए तेवढंच आहे, स्टॅटिनने ते कमी होत नाही. म्हणूनच बाकी सगळं नीट सांभाळायचं. दोन्ही गोळ्या जनऔषधी केंद्रातून घेते, खर्चाचं ओझं वाटत नाही.

मिठाचा हिशोब मी स्वतः मांडला. माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. घरात चौघं, म्हणजे एक किलोचा पुडा ५० दिवस पुरायला हवा. पुड्यावर पेनाने तारीख घातली. आमचा २४ दिवसांत संपला. म्हणजे माणशी दहा ग्रॅमच्या वर, आणि त्यात पापड, शेव, बाहेरची भेळ धरलेलीच नाही. भाकरीच्या पिठातलं मीठ बंद केलं, भाताचं बंद केलं, ताटातली मिठाची चिमूट बंद केली. लोणचं आठवड्यातून दोनदा. आताचा पुडा ४१ दिवस गेला. मधे कमी सोडियमचं मीठ आणलं होतं, पण त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टनबरोबर ते विचारल्याशिवाय खायचं नाही, हे मॅडमनी सांगितल्यावर ते बाजूला ठेवलं. पाकिटावर तशी बारीक सूचना होती, मी वाचली नव्हती. शिवाय पहाटे साताऱ्यातल्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंत चालत जाते, आठवड्यातले पाच दिवस.

मशीनच्या तक्रारीही आहेत. सोबतचं मोबाइल ॲप दोन महिन्यांनी जोडलंच जाईना, चाळीस नोंदी गेल्या. तेव्हापासून दोनशे पानी वहीच बरी. पट्ट्याचं वेल्क्रो सातव्या महिन्यात सैल पडलं, फुगताना सुटायला लागलं. नवा पट्टा ६५० ला पडला. सेल उतरले की मशीन आधी सांगत नाही, थेट चूक दाखवतं.

आणि एक त्रास मशीनचा नाही, माझा. दुसऱ्या महिन्यात मला मोजायची सवयच लागली. शाळेतून आले की मोज, जिना चढले की मोज, झोप आली नाही की मोज. एका रविवारी चौदा वेळा मोजलं. प्रत्येक वेळी छाती धडधडायची आणि आकडा वाढलेला दिसायचा. मॅडमनी वही बघून सांगितलं, "महिन्यातला पहिला आठवडा मोजायचं. बाकी तीन आठवडे मशीन कपाटात." ते पाळल्यापासून झोप लागते. या महिन्याची सरासरी १२२/७८.

ज्यांना मशीन परवडत नाही त्यांच्यासाठी एक सांगते. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो सरकारी उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातून पहिल्यांदा घेतलेल्या जिल्ह्यांत सातारा होता. माझ्या सासूबाई गावी असतात. त्यांची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोफत मिळते, कार्डावर दर महिन्याचं बीपी लिहिलेलं असतं. तीस वर्षांवरच्या कोणालाही तिथे बीपी-शुगर तपासून मिळते. फक्त बसल्यावर पाच मिनिटं थांबून मोजा, असं आपण म्हणायचं. सिस्टर नाही म्हणत नाहीत.

दादा आता कामावर जातो. त्याच्या मुलाचं, म्हणजे माझ्या भाच्याचं, वय २२. त्याचं लायपोप्रोटीन-ए गेल्या शनिवारी तपासायला दिलं. माझ्या मुलीचंही त्याच दिवशी दिलं. रक्त देऊन आल्यावर तिने माझी वही मागून घेतली, शेवटच्या पानावर स्वतःचं नाव आणि तारीख घातली, आणि खाली लिहिलं: आईला गरोदरपणात बीपी, मामाला ४९ व्या वर्षी अटॅक.